कार्ड आहे, पण कामाला कुठंय?

[पडद्यावर: होम मैदान, संध्याकाळ, गर्दी]

सोलापुरात तुळशीचं लग्न लागलं की एडिटिंगवाल्यांची झोप गेलीच समजा. लग्नसराई चालू, त्यातच जानेवारीत गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, दारूकाम, आणि गिऱ्हाईक म्हणतं टीझर दोन दिवसांत द्या, रील तर आजच टाका. फोर के शूट करणारा कॅमेरा आता गल्लीतल्या पोराकडंपण आहे. घरातला पीसी मात्र तोच, त्यात एक ग्राफिक कार्ड टाकलेलं, चित्राचं काम करणारं. मग टाइमलाइन अडकायला लागते आणि पोरगं म्हणतं, ग्राफिक कार्ड गेलं वाटतं.

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. ते नुसतं बसून असतं.

[पडद्यावर: नवी पेठ, बोळ, जिना]

नवी पेठेतल्या एका बोळात वरच्या मजल्यावर हे रिपेअरिंगचं दुकान. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. आज विजापूर रोडवरनं एक पोरगा आलाय, मित्राच्या गाडीवर मागं बसून, सीपीयू मांडीवर घेऊन.

"अण्णा, बारा जीबीचं कार्ड टाकलंय, आरटीएक्स ३०६०, तरी फुटेज अडकायलंय बघा."

"अडकू दे की. आधी बस, चहा सांगतो."

अण्णा कॅबिनेट उघडत नाहीत. आधी मागची बाजू बघतात. मॉनिटरची केबल कार्डात आहे का मदरबोर्डात. हसू नका, केबल मदरबोर्डात खोचून कार्ड बिचारं रिकामं, अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडं कायम येत असतात. ह्या पोराची केबल बरोबर होती. मग प्रीमियर, म्हणजे ॲडोबीचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, उघडायचं, फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरल. तिथं रेंडरर म्हणून एक ओळ असते. मर्क्युरी प्लेबॅक इंजिन जीपीयू ॲक्सिलरेशन, कुडा, असं दिसलं तर ठीक. जीपीयू म्हणजे कार्डावरची मुख्य चिप, आणि कुडा म्हणजे एनव्हिडिया कंपनीची त्या चिपकडनं काम करून घ्यायची पद्धत. सॉफ्टवेअर ओन्ली दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर. दुसऱ्याच्या मशिनवर बनवलेला प्रोजेक्ट उघडला की हे आधी बघायचं.

हे इंजिन आलं २०१० ला, प्रीमियरच्या सीएस फाइव्ह आवृत्तीबरोबर. तेव्हा ॲडोबीनं मोजक्याच कार्डांना परवानगी दिलेली, आणि ती यादी कुठं, तर प्रोग्रॅमच्या फोल्डरमधल्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये! लोक नोटपॅडमध्ये ती उघडायचे, आपल्या स्वस्तातल्या कार्डाचं नाव खाली टाइप करायचे, सेव्ह, झालं, कुडा चालू. त्या जोरावर जगभर कितीतरी लग्नं एडिट झाली असतील. आता ती यादी नाही. हेल्प मेनूत सिस्टिम कॉम्पॅटिबिलिटी रिपोर्ट म्हणून आहे, तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असला तर स्वतःच सांगतो.

पोराच्या मशिनवर कुडा चालू होतं, ड्रायव्हर नवा, स्टुडिओवाला, म्हणजे एडिटिंगसाठीचा. तरी फुटेज अडकतंय.

[पडद्यावर: टास्क मॅनेजर, जवळून]

इथं अण्णा विंडोजचं टास्क मॅनेजर उघडतात, कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारं. परफॉर्मन्स टॅब, खाली जीपीयू. हा जीपीयूचा ग्राफ विंडोज १० मध्ये २०१७ च्या अपडेटनं आला, त्याआधी वेगळं सॉफ्टवेअर टाकायला लागायचं. आणि इथंच खरी गंमत आहे, कारण तिथं एक ग्राफ नसतो, चार असतात. थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ एन्कोड, व्हिडिओ डिकोड. म्हणजे आपण ज्याला एका दमात जीपीयू ॲक्सिलरेशन म्हणतो ती निदान तीन वेगळी कामं आहेत. कॅमेऱ्याची दाबलेली फाइल उलगडून फ्रेम बाहेर काढायची हे डिकोड. त्या फ्रेमवर कलर, ट्रान्झिशन, स्केलिंग हे दुसरं, हे कुडा करतं. आणि शेवटी परत दाबून एमपीफोर बनवायची ते एन्कोड. कार्डाच्या आत ह्या कामांना वेगवेगळे भाग आहेत, एक चालू असून दुसरा ठप्प असू शकतो.

पोरानं क्लिप प्ले केली. प्रोसेसर शंभरला टेकला. थ्रीडी जरा हललं. व्हिडिओ डिकोडची रेघ तळाला चिकटलेली, हलायचं नाव नाही.

"कॅमेऱ्यात काय सेटिंग ठेवलायस?"

"टेन बिट, ४:२:२, एच २६५. यूट्यूबला बघितलं, कलर भारी येतो म्हणून."

एच २६५ ही फाइल दाबायची पद्धत, ४:२:२ हे रंग किती साठवायचा त्याचं माप. कलर भारी येतो हे खरंच आहे. ४:२:० मध्ये चार पिक्सेलमागं रंगाची माहिती एकदाच साठवतात, ४:२:२ मध्ये दोनदा, म्हणून शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा खेचला तरी फाटत नाही. पण एनव्हिडियाच्या कार्डातला डिकोडर ४:२:२ उलगडायला शिकला तो २०२५ च्या ५० सिरीजमध्ये. त्याआधीचं कार्ड, मग ते ३०६० असो नाहीतर त्याच्यापेक्षा कितीतरी भारी ४०९०, ह्या फाइलला हात लावत नाही. सगळं प्रोसेसरवर ढकलतं.

ही अडचण इंटेलनं आधीच सोडवलेली. त्यांच्या प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा व्हिडिओ उलगडायचा-दाबायचा भाग असतो, आणि डेस्कटॉपला अकराव्या जनरेशनपासून ते एच २६५ चं ४:२:२ टेन बिट आरामात उलगडतं. म्हणजे ज्या ग्राफिक्सला आपण ऑनबोर्ड म्हणून नाकं मुरडतो ते इथं ४०९० च्या पुढं जातं!

अण्णांनी प्रोसेसरचं नाव वाचलं. आयफाइव्ह १२४००एफ. शेवटच्या एफचा अर्थ, आतलं ग्राफिक्स नाही. कार्ड टाकणारच आहे तर हे कशाला, म्हणून दुकानदारानं थोडे पैसे वाचवून दिले, आणि गेमिंगला ते ठीकच आहे. पण ह्या कॅमेऱ्याच्या फुटेजला ३०६० असताना जे हत्यार चाललं असतं तेच मशिनमधनं गायब.

"पंगतीला वाढपी चार," अण्णा म्हणाले, "पण भाकरी थापायला बाई एकच. वाढपी वाढवून काय होणाराय?"

पोरगा नवीन कार्डाचा विचार करत होता. उधारीवर.

ज्यांच्या इंटेल प्रोसेसरला एफ नाही त्यांनी पण बायोसमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना उघडतात त्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये बघा, कार्ड लावलं की काही बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करून टाकतात, ते इनेबल करायचं, इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, आणि प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेस, मीडिया, तिथं हार्डवेअर डिकोडिंगला इंटेलची टिक आहे का बघायचं.

[पडद्यावर: एक्स्पोर्टची विंडो]

एक्स्पोर्टचा घोळ वेगळा. तिथं हार्डवेअर एन्कोडिंग निवडता येतं, पण बिटरेटमध्ये टू पास, म्हणजे फाइल दोनदा चाळून दाबायची, असं केलं की ते गुपचूप सॉफ्टवेअरवर जातं आणि अर्ध्या तासाचं काम रात्रभर चालतं. आणि ज्यांनी जीटी १०३० घेतलंय त्यांना तर तो पर्यायच नाही, त्या कार्डात एन्कोडरच नाही. पाकिटावर हे कोण छापतंय.

जुने स्टुडिओवाले एडियस ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर वाढलेले. त्या जुन्या एडियसला कार्ड लागायचं ते थोड्या ट्रान्झिशनपुरतं, बाकी सगळा खेळ प्रोसेसर आणि क्विक सिंकवर. त्यामुळं कार्ड टाकून पण काय फरक नाही ही त्यांची तक्रार त्यांच्यापुरती खरीच होती.

बाकीचं भराभर सांगतो. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, सेटिंग्ज, डिस्प्ले, ग्राफिक्स, तिथं प्रीमियरला हाय परफॉर्मन्स द्या. ड्रायव्हर बिघडला वाटला तर सेफ मोडमध्ये डीडीयूनं, म्हणजे ड्रायव्हर पुसून काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं, पूर्ण काढून नव्यानं टाका. सेकंडहँड कार्ड घेताना जीपीयू-झेड, हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, २०२२ ला इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद पडल्यावर वापरलेला माल बाजारात आला आणि त्याच्याआधीपासूनच जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं फिरतायत, अशी बरीच नकली एनव्हिडिया कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि नावापुढं सरळ फेक लिहितं.

[पडद्यावर: कार्डाचा पंखा, जवळून]

आणि हे खास आपल्या गावचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडनं, पूर्व भागातनं जी मशिनं येतात, जिथं शेजारी नाहीतर घरातच पॉवरलूम आहे, त्यांच्या पंख्याच्या मागं कापसाच्या तंतूंचा पांढरा थर बसलेला असतो, नखानं सोलला तर चादरीसारखा निघतो. हवाच जात नाही. वर मे महिन्यात पारा ४३-४४ ला. ऐंशीच्या पुढं तापलं की कार्ड स्वतःच स्पीड कमी करतं आणि लोक म्हणतात ॲक्सिलरेशन बंद पडलं. ब्लोअर मारायचा, मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं. बस.

पोराचं काय झालं? अण्णांनी त्याला प्रॉक्सी लावायला शिकवलं. सगळ्या क्लिपांच्या हलक्या कॉप्या, प्रोरेस प्रॉक्सीमध्ये, रात्री मीडिया एन्कोडरला लावून झोपायचं, सकाळी कॉप्यांवर कटिंग, एक्स्पोर्ट मूळ फाइलवरनं. हार्डडिस्क जास्त खाते, त्यासाठी एक वेगळी घ्यायला सांगितली. रीलपुरतं शूट असलं तर कॅमेरा ४:२:० वरच ठेवायचा. आणि सीझन संपल्यावर हवा तर तेवढा प्रोसेसर बदल, १२४००, बिनएफचा. बोर्ड तोच चालतो, फक्त मागं डिस्प्लेचं पोर्ट आहे का आधी बघून घे, म्हणजे कार्ड कधी खरंच गेलं तर निदान स्क्रीन तरी चालू राहील.

चेकिंगचे दोनशे घेतले. चहाचे नाही.