परदेशातील हॉटेल, खोली आवरणारी व्यक्ती आणि आपली टिप

मित्रहो, परदेशप्रवासाची तयारी करताना व्हिसा, विमा, चलन आणि सामानाचे वजन यांवर आपण पुष्कळ बोलतो. टिपेचा विषय निघालाच, तर तो उपाहारगृह, टॅक्सी आणि गाइड यांच्यापुरता निघतो. आज मला बोलायचे आहे ते हॉटेलात आपली खोली आवरणाऱ्या व्यक्तीविषयी. वेटर बिल घेऊन समोर येतो, सामान उचलणारा खोलीच्या दारापर्यंत येतो आणि क्षणभर थांबतो, गाडीचालक निरोप घेताना आपल्याकडे पाहतो. खोली आवरणारी व्यक्ती मात्र आपण बाहेर पडल्यावर आत येते आणि आपण परतण्यापूर्वी निघून गेलेली असते. टिप ही जगभर बहुतेक वेळा समोरासमोर दिली जाते. त्यामुळे जी व्यक्ती समोर येतच नाही, तिचा वाटा सर्वांत आधी बुडतो. एरवी सढळ हाताने टिप देणाऱ्या माणसांच्याही हातून हे घडते, म्हणून या विषयावर स्वतंत्रपणे बोलण्याची गरज मला वाटते.

आधी ते काम काय असते, हे पाहू. मोठ्या हॉटेलात एका व्यक्तीच्या वाट्याला एका पाळीत साधारणपणे १३ ते १६ खोल्या येतात. आठ तासांच्या पाळीला या संख्येने भागले, तर एका खोलीला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो, आणि त्याच वेळात जड ट्रॉली ढकलत पुढच्या खोलीपर्यंत जाणे, चादरी व टॉवेल भरून घेणे हेही बसवावे लागते. गादीचा कोपरा एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने चादर खाली खोचायची, वाकून न्हाणीघराची फरशी पुसायची, हात उंचावून आरसा आणि फरशांची भिंत पुसायची, अशा हालचाली दिवसभर चालतात. खांदे, पाठ आणि मनगटे यांची दुखणी या कामात इतकी नेहमीची आहेत, की कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१८ पासून केवळ हॉटेलांतील हाउसकीपिंग कर्मचाऱ्यांना अशा दुखापतींपासून वाचवण्यासाठी स्वतंत्र नियम लागू केला. त्यातही पाहुणा राहत असलेली खोली आवरणे आणि पाहुणा सोडून गेल्यावर ती नव्याने तयार करणे, या दोन कामांत मोठा फरक असतो. दुसरे काम कितीतरी अधिक कष्टाचे असते. बहुतेक देशांत हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात, आणि श्रीमंत देशांत त्यांपैकी पुष्कळ जणी दुसऱ्या देशातून पोटासाठी आलेल्या असतात.

टिप कोठे द्यावी आणि किती द्यावी, याचे एकच एक उत्तर नाही; देशागणिक रीत बदलते. सर्वांत स्पष्ट अपेक्षा अमेरिकेत आहे. तेथील हॉटेल व्यवसायाची संघटना असलेल्या अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग असोसिएशनच्या मार्गदर्शनात खोली आवरणाऱ्यांसाठी दर रात्रीमागे एक ते पाच डॉलर असे सुचवलेले आहे. अमेरिकेतील शिष्टाचाराविषयी मार्गदर्शन करणारी एमिली पोस्ट इन्स्टिट्यूट दोन ते पाच डॉलर सांगते. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ठरलेले किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे. अनेक राज्यांनी आणि शहरांनी आपापले दर त्याहून बरेच वर नेले आहेत, पण सर्वांनी नाही. टिप मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांना मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर देण्याची मुभा असलेला एक वेगळा नियमही तेथे १९९१ पासून आहे. तो मुख्यतः वेटरना लागू होतो. खोली आवरणाऱ्यांना सहसा पूर्ण किमान वेतन किंवा त्याहून अधिक मिळते. या फरकावरून काही प्रवासी असा निष्कर्ष काढतात, की यांना टिपेची गरज नाही. मला तो निष्कर्ष मान्य नाही. वेटरला जवळजवळ प्रत्येक टेबलावरून टिप मिळेल अशी अपेक्षा धरूनच त्याचा पगार ठरतो. इथे खोल्यांमागून खोल्या अशा जातात की उशीजवळ काहीच सापडत नाही, आणि पगारही काही मोठा नसतो.

आता पद्धतीकडे वळतो, कारण माझ्या मते रकमेइतकीच पद्धत महत्त्वाची आहे. मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी एकदम मोठी रक्कम ठेवण्याची सवय अनेकांना असते. हेतू चांगला असतो, पण खोली रोज एकच व्यक्ती आवरते असे नाही. पाळ्या बदलतात, साप्ताहिक सुट्ट्या येतात, मजले बदलून दिले जातात. तीन दिवस जिने तुमची खोली आवरली, तिची चौथ्या दिवशी सुट्टी असेल, तर साऱ्या मुक्कामाची टिप दुसऱ्याच कुणाच्या हाती पडते. म्हणून रोज सकाळी खोलीतून निघताना त्या दिवसाची रक्कम ठेवावी. तीही अशी ठेवावी, की ती टिपच आहे याविषयी शंका राहू नये. टेबलावर किल्ल्या, पावत्या आणि सुट्टे पैसे यांच्या ढिगात पडलेल्या नोटेला चांगल्या हॉटेलातील कर्मचारी हात लावत नाही, कारण चोरीचा आळ आला तर नोकरी जाण्याची भीती त्याला असते. हॉटेलच्या कागदावर ‘हाउसकीपिंग’ आणि ‘थँक यू’ एवढे दोन शब्द इंग्रजीत लिहून नोट त्याखाली किंवा पाकिटात ठेवली, की तो प्रश्न मिटतो. त्या देशाच्या भाषेतील आभाराचा शब्द लिहिता आला तर उत्तमच.

चलनाविषयी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. प्रवासातून उरलेली तिसऱ्याच देशाची नाणी टिप म्हणून ठेवू नयेत. पैसे बदलून देणारी दुकाने साधारणपणे परदेशी नोटा घेतात, नाणी घेत नाहीत; म्हणजे बँकॉकमध्ये ठेवलेली अमेरिकेची किंवा युरोपची नाणी त्या कर्मचाऱ्याला कोठेही वापरता येत नाहीत. परदेशी नोट बदलायलाही तिला वेळ काढून जावे लागते आणि त्यात काही रक्कम कटते. जेथे राहतो तेथील चलनाच्या लहान नोटा पहिल्याच दिवशी मोडून घेणे हा यावरचा साधा उपाय आहे. थायलंडमध्ये सर्वांत लहान नोट वीस बातची आहे, आणि मध्यम दर्जाच्या हॉटेलात दिवसाला वीस ते पन्नास बात ठेवण्याची रीत आहे.

थायलंडचे नाव निघाले म्हणून सर्व्हिस चार्जविषयी बोलतो, कारण तेथे गोंधळ फार होतो. थायलंडमध्ये आणि सिंगापूरमध्ये हॉटेलच्या बिलात सामान्यतः दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो आणि त्यावर कर असतो. सिंगापूरमध्ये हा कर १ जानेवारी २०२४ पासून नऊ टक्के आहे. प्रवाशाला वाटते, की आपण टिप भरूनच चुकलो. तो पैसा मात्र आधी हॉटेलकडे जातो, आणि पुढे कर्मचाऱ्यांत त्याची वाटणी किती व कशी होते, हे त्या देशाच्या कायद्यावर आणि त्या हॉटेलच्या धोरणावर अवलंबून असते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज कोणतीही कपात न करता कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवणे मालकांवर बंधनकारक झाले. असा कायदा करावा लागला, यावरूनच आधी काय घडत होते याचा अंदाज यावा. अमेरिकेतील काही हॉटेले आकारतात तो ‘रिसॉर्ट फी’ हा प्रकार तर टिपेशी संबंधितच नाही. ते हॉटेलच्या सुविधांचे शुल्क आहे. सर्व्हिस चार्ज घेणाऱ्या देशांत वेगळी टिप ठेवणे बंधनकारक नाही, पण लहानशी नोट ठेवली तर ती थेट योग्य हाती जाते, आणि मी स्वतः ती ठेवण्याच्या बाजूचा आहे.

याच्या अगदी उलट टोकाला जपान आहे. तेथे हॉटेलच्या खोलीत ठेवलेले पैसे पाहुणा विसरला असे समजून बाजूला जपून ठेवले जाण्याची किंवा नम्रपणे परत केले जाण्याची शक्यता अधिक. रयोकान म्हणजे पारंपरिक पद्धतीच्या जपानी निवासगृहात, जेथे ‘नाकाइ’ म्हणून ओळखली जाणारी सेविका खोलीतच जेवण वाढते आणि बिछाना घालते, तेथे ‘कोकोरोझुके’ नावाची जुनी रीत आहे: कोऱ्या नोटा लहान पाकिटात घालून, मुक्कामाच्या सुरुवातीला, दोन्ही हातांनी द्यायच्या. तीही सक्तीची नाही. उघडी नोट हातावर ठेवणे मात्र तेथे अनादराचे मानले जाते. ऑस्ट्रेलियातही टिपेची अपेक्षा नसते. तेथील राष्ट्रीय किमान वेतन १ जुलै २०२५ पासून ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. जेथे रीत नाही तेथे आपली रीत लादू नये. हॉटेलच्या व्यवस्थापकाला त्या कर्मचाऱ्याचे कौतुक लेखी कळवणे, हा तेथे अधिक उपयोगी मार्ग आहे.

या विषयावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हलक्याने घेत नाही. आक्षेप असा, की पाहुण्यांनी टिप दिली की मालक पगार वाढवण्यातून मोकळा होतो. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मॅरिअट कंपनीने एका सामाजिक संस्थेबरोबर अमेरिका आणि कॅनडामधील एक लाख साठ हजारांहून अधिक खोल्यांत टिपेसाठी पाकिटे ठेवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा तिच्यावर नेमकी हीच टीका झाली: पाकीट ठेवण्याऐवजी पगार वाढवा. पुढे २०१८ मध्ये त्याच कंपनीच्या आठ अमेरिकी शहरांतील हॉटेल कर्मचाऱ्यांनी ‘एक नोकरी पुरेशी असली पाहिजे’ अशी घोषणा देत संप केला. पॅरिसच्या बातिन्योल भागातील इबिस हॉटेलात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या सुमारे वीस जणांनी, ज्यांत बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या स्त्रिया होत्या, जुलै २०१९ मध्ये संप पुकारला. तो मे २०२१ पर्यंत चालला. वेतनवाढ आणि जेवणाचा भत्ता मिळाला. हॉटेलच्या थेट नोकरीत घेण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. त्या लढ्यातील एक अग्रणी, रॅशेल केके, २०२२ मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेम्ब्लीवर निवडून आल्या. या सगळ्या लढ्यांत कर्मचाऱ्यांची मागणी पगाराची, कामाच्या वेगाची आणि नोकरीच्या स्थैर्याची होती.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृहांतील कामगारांसाठी केलेल्या करारात ही गोष्ट नेमकेपणाने मांडली आहे: टिप म्हणजे ग्राहकाने द्यायच्या रकमेखेरीज स्वेच्छेने कामगाराला दिलेली रक्कम, आणि टिप मिळो वा न मिळो, कामगाराला ठरावीक काळाने मूळ वेतन मिळालेच पाहिजे. मला ही मांडणी पटते, आणि तिच्यामुळेच टिप बंद करावी असे मला वाटत नाही. मी आज नोट ठेवली नाही म्हणून त्या हॉटेलचा मालक उद्या पगार वाढवणार नाही. त्या दिवशी कमी पैसे घरी जातील ते त्या बाईचेच. पगाराचा न्याय कायद्याने आणि संघटनेनेच मिळतो. ज्या हॉटेलात कर्मचारी संपावर आहेत, तेथील आरक्षण रद्द करणे प्रवाशाला शक्य असेल, तर त्याने ते करावे, असेही मी म्हणेन.

कोविडच्या साथीनंतर एक बदल झाला आहे, तोही ध्यानात घ्यावा. अनेक हॉटेल-साखळ्यांनी रोजची सफाई बंद करून ती मागणीनुसार किंवा काही दिवसांआड केली. कर्मचारी संघटनांचे म्हणणे असे, की यामुळे कामाचे तास कमी झाले, आणि जी खोली चार-पाच दिवसांनी उघडते ती आवरायला कितीतरी अधिक श्रम पडू लागले. पाहुण्यानेच ‘व्यत्यय नको’ची पाटी दिवसेंदिवस लावून ठेवली तरी हेच होते. अशा मुक्कामात सफाई झाली नाही म्हणून टिप नाही, हा हिशेब चुकीचा आहे. सगळ्या रात्रींची धूळ आणि कचरा अखेरच्या दिवशी एकाच व्यक्तीपुढे येतो, तेव्हा खोली सोडताना त्या सर्व रात्रींचा विचार करून रक्कम ठेवावी. वापरलेले टॉवेल एका जागी गोळा करून आणि कचरा टोपलीत टाकून निघाल्यानेही तिची काही मिनिटे वाचतात, आणि अर्ध्या तासाच्या मापात ती मिनिटे थोडी नसतात.

गटाने सहलीला जाणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. सहल कंपनी दररोज माणशी ठरावीक रक्कम टिपेसाठी गोळा करते, ती बहुधा गाइड आणि बसचालक यांच्यासाठी असते. खोली आवरणाऱ्यांचा त्यात समावेश आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. रोख पैसे जवळ न बाळगणाऱ्यांसाठी काही हॉटेलांत आता खोलीत क्यूआर कोडची पाटी ठेवलेली असते आणि तो स्कॅन करून कार्डाने टिप देता येते. ती रक्कम त्याच दिवशीच्या कर्मचाऱ्याला मिळते की सर्वांत वाटली जाते, आणि मधल्या कंपनीचे शुल्क कोण भरते, हे पाटीवर लिहिलेले नसल्यास स्वागतकक्षात विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर नोट आणि दोन शब्दांची चिठ्ठी हाच मार्ग अजून अधिक भरवशाचा आहे.