दुसऱ्याची कॉन्फिग उचलू नका! टर्मिनल आणि एडिटर आपल्या हाताला बसवायचा कसा

नमस्कार मंडळी! टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायची ती विंडो, सजवायचं म्हटलं की सगळ्यांना आधी काय हवं असतं, तर थीम. काळं बॅकग्राउंड, रंगीत प्रॉम्प्ट (कमांड टाइप करतो ती ओळ), त्यात गिट या कोडमधले बदल जपणाऱ्या टूलची ब्रँच, बॅटरी, घड्याळ, सगळं. मग गिटहबवरून कुणाची तरी लांबलचक कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उचलायची, जशीच्या तशी पेस्ट करायची, आणि चार दिवसांनी एखादं बटण भलतंच काहीतरी करायला लागलं की त्या शेकडो ओळींत डोकं घालून बसायचं. दुसऱ्याची कॉन्फिग वाचा, खुशाल वाचा, पण उचलू नका. जिथे रोज अडतं तिथली एकच ओळ टाका, ती काय करते ते नीट कळलं की मग पुढची.

आणि सुरुवात रंगांपासून नको, हिस्टरीपासून, म्हणजे आधी चालवलेल्या कमांडच्या यादीपासून करा. कारण टर्मिनलमध्ये नवीन कमांड आपण फार कमी लिहितो, त्याच त्या परत परत चालवतो, आणि तरी वरचा ॲरो टकाटक दाबत बसणारी मंडळी बघितली की जीव तुटतो हो. कंट्रोल आर दाबा. हे बघा, रिव्हर्स सर्च आलं. आता मी नुसतं डॉकर टाइप करतोय, लगेच शेवटची डॉकरवाली कमांड हजर. ही नकोय? परत कंट्रोल आर, त्याच्या आधीची. सापडली की एंटर, आणि चालवण्याआधी थोडी बदलायची असेल तर एंटर नाही, उजवा ॲरो, मग ती प्रॉम्प्टवर येऊन थांबते.

आता शोधताना पुढे निघून गेलात आणि एक पाऊल परत यायचंय, तर त्यासाठी आहे कंट्रोल एस. ते दाबलं की काय होतं? टर्मिनल गपगार. काही टाइप केलं तरी दिसत नाही, लोक घाबरून विंडोच बंद करून टाकतात. अहो, हँग नाही झालेलं ते! टेलिटाइपच्या जमान्यातली सोय आहे, कंट्रोल एस म्हणजे आउटपुट थांबव, कंट्रोल क्यू म्हणजे चालू कर. आज ती कुणाला लागत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल, आणि ही त्याची सेटिंगची फाइल) स्क्रीनवर दिसतेय ती एसटीटीवायची ओळ टाका, मायनस आयएक्सऑन, की कंट्रोल एस सर्चसाठी मोकळं.

दुसरं म्हणजे बॅश मुळात फक्त 500 कमांड लक्षात ठेवतं. काही लिनक्समध्ये हा आकडा आधीच वाढवलेला असतो, पण तरी तुटपुंजाच. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ असे दोन वेगळे आकडे आहेत, एक मेमरीतला आणि एक फाइलमधला, दोन्ही वाढवा, नाहीतर एकच वाढवून म्हणाल काही फरक पडला नाही. हिस्टकंट्रोलला इग्नोरबोथ द्या, म्हणजे लागोपाठ आलेली तीच कमांड दोनदा साठत नाही, आणि सुरुवातीला स्पेस देऊन लिहिलेली कमांड तर साठतच नाही. पासवर्ड किंवा टोकन असलेली कमांड चालवायची वेळ आली तर ही स्पेस फार कामाची.

मॅकवाल्यांनो, तुमच्याकडे 2019 च्या कॅटलिनापासून डिफॉल्ट शेल झेडशेल आहे, त्यामुळे बॅशआरसीत कितीही लिहा, ते कुणी वाचतच नाही! तुमची फाइल झेडशआरसी, आणि तिथे दुसऱ्या आकड्याचं नाव सेव्हहिस्ट. बॅशमध्येसुद्धा लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारं शेल असेल तर आधी बॅशप्रोफाइल वाचली जाते, बॅशआरसी आपोआप नाही, म्हणून प्रोफाइलमधून आरसीला सोर्स करायची, म्हणजे तीही वाचायला लावायची, ती एक ओळ असते. "मी ओळ टाकली पण काहीच झालं नाही" यातल्या बऱ्याच केसेस इथेच सुटतात.

एलियस, म्हणजे कमांडची टोपणनावं, करा, पण फाइल उडवणाऱ्या आरएमचा आरएम मायनस आय (उडवण्याआधी विचारणारा) करू नका. दर वेळी विचारेल अशी सवय लागते, आणि मग एखाद्या सर्व्हरवर, जिथे तुमचा एलियस नाही, तिथे ते न विचारता उडवून मोकळं होतं.

टर्मिनल उघडायला वेळ लागतोय? टाइम, मग बॅश मायनस आय मायनस सी एक्झिट, एवढं चालवा, नुसतं शेल चालू व्हायला किती वेळ जातो ते समोर येईल. बहुतेकदा एनव्हीएमसारखं (नोडची व्हर्जन बदलायचं टूल) काहीतरी दर वेळी लोड होत असतं, ते लागेल तेव्हाच लोड होईल असं करा.

एडिटरकडे येऊ. व्हिम असो की व्हीएस कोड, प्लगिन टाकायच्या आधी गडबड शोधायला शिका. व्हिममध्ये टॅबची रुंदी कुणी बदलली कळत नाहीये, तर कोलन व्हर्बोज सेट टॅबस्टॉप आणि प्रश्नचिन्ह. हे बघा, व्हॅल्यू तर आलीच, पण खाली ती कुठल्या फाइलमधून लागली तेही आलं. व्हीएस कोडमध्ये हेल्प मेनूत एक्स्टेंशन बायसेक्ट आहे, ते अर्धी एक्स्टेंशन बंद करून विचारतं, त्रास गेला का, मग उरलेल्यांची अर्धी, असं करत करत गुन्हेगार पकडून देतं.

व्हिमवाल्यांसाठी अजून एक, कॅप्स लॉकला एस्केप करा. व्हिमचा पूर्वज व्हीआय लिहिलं गेलं 1976 च्या सुमारास, एडीएम थ्री ए नावाच्या टर्मिनलवर, आणि त्याच्या कीबोर्डवर एस्केप होतं आज टॅब आहे तिथे, आणि एच जे के एल या चार बटणांवर बाण छापलेले होते. म्हणजे ती बटणं कुणी छळायला नाही निवडलेली, आपल्या कीबोर्डवर एस्केप लांब गेलं इतकंच.

हे सगळं जमलं की फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा, होम फोल्डरमधून त्यांना सिमलिंक (शॉर्टकटसारखा दुवा) द्या, आणि फोल्डर गिटमध्ये. फक्त पब्लिक करण्याआधी एपीआय की, म्हणजे एखाद्या सर्व्हिसची पासवर्डसारखी गुप्त किल्ली, कुठे राहिलीय का ते बघा. चुकून गेलीच, तर नुसती ओळ डिलीट करून नवीन कमिट (गिटमधली बदलाची नोंद) मारू नका, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. आधी ती की रद्द करा, नवीन बनवा, आणि ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवून त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाका.