सिग्नल मरतो कुठे?

मंडळी, एक्स-10 वर चालणारा दिवा लागत नाही म्हटलं की आपण आधी मॉड्यूल, म्हणजे हुकूम घेऊन दिवा चालू-बंद करणारी डबी, बदलतो. सांगलीत हे काम करणाऱ्या वायरमन मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, मॉड्यूलला हात लावण्याआधी सिग्नल कुठे मरतोय ते शोधा.

एक्स-10 ही पद्धत 1975 सालची, स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सची. घरातल्याच वायरिंगमधून ती हुकूम पाठवते. विजेची लहर शून्यावरून जाते त्या क्षणाला 120 किलोहर्ट्झचा, एक मिलिसेकंदाचा सिग्नल सोडायचा. आपल्याकडे 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला असे 100 क्षण. साधं मॉड्यूल ‘पोचलं’ असं उलट कळवत नाही, म्हणून शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

सिग्नल गिळला जाणं वेगळं आणि गोंगाटात, म्हणजे दुसऱ्या उपकरणाने लाइनवर सोडलेल्या विजेच्या खळबळीत, बुडणं वेगळं. टीव्ही, कॉम्प्युटर, फिल्टरवाला स्पाइक बस्टर यांच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलमध्ये कपॅसिटर बसवलेला असतो. 0.1 मायक्रोफॅरडचा धरा. 50 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 32 हजार ओहम, पण 120 किलोहर्ट्झला जेमतेम 13 ओहम! सिग्नल तिथेच संपतो. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा कपॅसिटर लाइनवरच असतो, म्हणून तपासताना पिनच काढा. गोंगाटाची खूण निराळी. दिवा हुकमाने लागतो, पण बंद होत नाही. तेव्हा त्याच एलईडीच्या स्वस्त ड्रायव्हरवर पहिला संशय घ्या. तो पेटल्यावरच गोंगाट सुरू होतो.

पाठवणारं आणि घेणारं, दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा. तिथे चाललं तर मॉड्यूल निर्दोष. मग डीबीतले (मेनच्या पेटीतले) एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचे स्विच, एकेक करून पाडा. ज्याच्याने फरक पडला त्या सर्किटवरच्या पिना एकेक काढा. दोषी सापडला की त्याच्या पिनेआधी सिग्नल आणि गोंगाट अडवणारा एक्स-10 चा फिल्टर लावायचा, बास.

विश्रामबागेतल्या तीन फेजच्या बंगल्यांत मात्र दुखणं वेगळं असू शकतं. हॉल एका फेजवर, वरची खोली दुसऱ्यावर. सिग्नलला या फेजवरून त्या फेजवर जायला धड वाटच नसते.

इन्व्हर्टरचा विचार तर परदेशी माहितीपुस्तकांत सहसा नसतोच. लाइट गेली की इन्व्हर्टरचा रिले त्याच्यावरची सर्किटं मेनपासून तोडतो. पाठवणारं मेनवर राहिलं, तर हुकूम पलीकडे जाणार कसा? दोन्ही इन्व्हर्टरवर घेतली तरी स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर शून्याचा क्षण नीट ओळखू येईल याची खात्री नाही. असं गिऱ्हाईक असेल तर आधी स्पष्ट सांगा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेले संच 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचे असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जमतं, हर्ट्झ बदलत नाहीत, आणि ट्रान्सफॉर्मर सिग्नलही अडवतो. असे संच घेऊच नका.

तीन फेजच्या घरात सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर न्यायला तयार कपलर घ्या, आपल्या व्होल्टेजचा. दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या वर दाब असतो. पंख्याचा कपॅसिटर तिथे चालवून घेणं म्हणजे आगीला आमंत्रण. मेन बंद करून, परवानाधारक माणसाकडूनच कपलर बसवून घ्या आणि त्याच्या आधी स्वतंत्र एमसीबी ठेवा.