वैशाखातली पायवाट
(अमळनेर येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

निसर्गाकडून अध्यात्म शिकायचं तर माणूस श्रावण निवडतो. सातपुड्यातले धबधबे, तोरणमाळचं धुकं. मी मात्र वैशाखाबद्दल बोलणार आहे, आणि तेही आपल्या खानदेशातल्या, जिथे पारा 44 वर गेला तरी कुणी दचकत नाही. हा ऋतू मी मुद्दाम घेतला. उन्हाळ्यात झाडाच्या फांद्या, नदीचं पात्र, जमिनीचा पोत सगळं उघडं पडतं. बघणाऱ्याला याहून सोयीचा काळ नाही.

माझं फिरणं अगदी साधं. पहाटे साडेपाचला निघायचं, बोरी नदीच्या काठानं जायचं, मग बांधाबांधानं शेतातून फिरून ऊन चढायच्या आत घरी. वाट रोज तीच. नव्या वाटेवर आपण देखावे बघतो, ओळखीच्या वाटेवर कालपासून काय बदललं ते दिसतं. म्हणून मी वाट बदलत नाही.

त्या वाटेवर करंज आहेत आणि एक म्हातारा पिंपळ आहे. उन्हाळा लागला की करंजाची पानं झडतात, थोडे दिवस झाड ओकंबोकं दिसतं. आणि मग ऐन एप्रिलच्या तडाख्यात त्याला पोपटी पालवी फुटते. पावसाला अजून दोन महिने अवकाश, वरची माती ठणठणीत कोरडी, आणि हे झाड नवं पान काढतं ते कशाच्या जोरावर? त्याची मुळं खोल गेलेली असतात, तिथे ओल असते. जुनं पान गाळलं की पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं, खोड पुन्हा पाण्यानं भरतं, आणि त्या शिदोरीवर पालवी येते. जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो तेव्हा पान कामाला तयार असतं. शिवाय कोवळ्या पानावर तुटून पडणाऱ्या अळ्या-किड्यांची खरी गर्दी पावसाळ्यात होते. तोवर हे पान निबर झालेलं असतं.

पिंपळाचं कोवळं पान तर हातात घेऊन बघा. तांबूस, लवलवीत, टोकाला लांब शेपटी. सूर्याकडे धरलं तर तांब्याचा पत्रा तापवावा तसं चमकतं. त्यात हिरवं द्रव्य अजून पुरतं तयार झालेलं नसतं, आणि तोवरच्या कडक उन्हात कोवळ्या पानाला ते लाल द्रव्य जपतं. आठवडा-दोन आठवड्यांत तेच पान हिरवं झालेलं दिसेल.

आपण सगळे अनुकूल काळाची वाट बघतो. मुलांची लग्नं उरकली की नामस्मरणाला बसू. कर्ज फिटलं की मन शांत होईल. निवृत्त झालो की वाचू. पाऊस आल्यावर पालवी काढू, असं आपलं चाललेलं असतं. करंज बिनपावसाचा पालवतो, कारण त्यानं मुळं आधीच खोल घातलेली असतात. झाडाला श्रद्धा असते असं मी म्हणत नाही. झाड त्याचं काम करतं, श्रद्धा हा शब्द माझा. पण माझ्या आयुष्यातले कोरडे महिने त्या झाडाकडे बघून मी काढले आहेत, हे मी मनापासून सांगते.

आता टिटवीकडे येऊ. कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलंय की टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर आपण तोलून धरू म्हणून. अहंकाराचा दाखला म्हणून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मंडळी, टिटवी पाय वर करून झोपत नाही. ज्याला अहंकारावर बोलायचं होतं त्यानं तो त्या बिचारीच्या माथी मारला.

ती खरोखर काय करते ते मी बोरीच्या पात्रात पाहिलं. गोट्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात चार अंडी. मातकट रंग, वर काळे ठिपके, निमुळती टोकं आत वळवलेली. हातभर अंतरावरून दिसली नाहीत, इतकी ती खड्यांत मिसळून गेली होती. टिटवी किंचाळत डोक्यावर घिरट्या घालू लागली तेव्हा कुठे कळलं. मी मागे सरले आणि लांब निंबाखाली बसून राहिले. ऊन चढलं तसा जोडीतला एक पक्षी डबक्याकडे गेला. पाण्यात उतरला, पोट बुडवून पिसं चिंब भिजवली आणि तसाच येऊन अंड्यांवर बसला. त्या उन्हात अंडी उबवायची म्हणजे गार ठेवायची असतात! थोड्या वेळानं दुसरा आला, पहिला उठला. नर-मादी आळीपाळीनं हे करतात, साधारण चार आठवडे, पिल्लं बाहेर येईपर्यंत. सावलीला झाड नाही, आडोसा नाही, स्वतःच्या अंगाची सावली आणि पोटाखालची ओल एवढंच भांडवल.

या पक्ष्याला आपण अहंकारी ठरवलं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: शिकवण आधी ठरवून निसर्गात शोधायला जाऊ नका. आधी नीट बघा. बघण्यात चूक झाली तर शिकवणही खोटी निघते, मग ती सांगताना आवाज कितीही गोड असो.

पुढे एका सकाळी त्या खळग्यात अंडी नव्हती. मुंगूस असेल, कावळा असेल. दोन्ही टिटव्या तिथेच घुटमळत होत्या. यातून काय घ्यायचं? मला त्या दिवशी काहीच घेता आलं नाही, आणि ओढूनताणून घ्यावं असंही वाटलं नाही.

आपल्या परंपरेत हे बघणं फार जुनं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतो. पहिली पृथ्वी, मग वारा, आकाश, पाणी, अग्नी, पुढे अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी. यातला एकही गुरू उपदेश करत नाही. आणि त्यातलं कपोताचं उदाहरण बघा. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून कबुतरं स्वतः जाळ्यात जातात, आणि अवधूत त्यांच्याकडून काय करू नये ते शिकतो. म्हणजे निसर्गातलं सगळं उचलून अनुकरण करायचं, असं परंपराही म्हणत नाही. विवेक आपलाच लावायचा.

पृथ्वी पहिली का, हे मला आपल्या काळ्या जमिनीनं शिकवलं. तापीच्या खोऱ्यातली भारी जमीन वैशाखात अशी भेगाळते की अख्खा हात कोपरापर्यंत आत जावा. त्या भेगांशी उकिडवी बसलेली बघून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय देखी राह्यनी व माय?" मी म्हटलं, किती तडकलीय हो जमीन. तर म्हणाले, "तडकू दे. पानी उनं का सरळ पोटमां जाई." म्हणजे पाणी आलं की सरळ पोटात जाईल. शास्त्र हेच सांगतं. या मातीतली चिकण ओलीनं फुगते, वाळली की आकसते, म्हणून भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत ढासळते, पुढच्या ओलीनं पुन्हा फुगते, आणि वर्षानुवर्षं जमीन आपोआप वरखाली होत राहते. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतूनच खोल उतरतं. आपल्याला तडा गेला की आपण तो लिंपायच्या मागे लागतो. त्या वाटेनं आत काही येणार असेल, हे सुचतच नाही.

मुक्ताबाईंचा उल्लेख केल्याशिवाय खानदेशात अध्यात्मावर बोलता येत नाही. शके 1219, म्हणजे 1297 च्या वैशाखातच त्या तापीकाठी गुप्त झाल्या, असं परंपरा मानते. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं तेव्हा चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला, असं त्या म्हणाल्याची कथा आपण जाणतो. पण त्या कोऱ्या पत्राच्या उत्तरात 65 ओव्या लिहिल्या गेल्या, हेही आठवा. सकाळी घरातून निघताना थोडं कोरं निघता आलं पाहिजे. मोबाईल घरी ठेवा, कालचं भांडण घरी ठेवा, आणि "आज काय बोध मिळणार" हा प्रश्नसुद्धा घरीच ठेवा.

शेवटी एक विनंती. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला आपण सगळे बोरीच्या पात्रात उतरतो. एरवीही तिथे माणसांचा, गुराढोरांचा, ट्रॅक्टरचा वावर असतो. टिटवी डोक्यावर ओरडायला लागली तर दगड भिरकावू नका, अंडी शोधत बसू नका, फोटोसाठी थांबू नका. आल्या वाटेनं लगेच मागे फिरा. तुम्ही तिथे उभे असता तेवढा वेळ ती अंड्यांवर बसू शकत नाही, आणि नऊनंतरच्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आतलं पिल्लू जगत नाही. मुलं सोबत असतील तर त्यांना हे तिथेच, मागे फिरता फिरता सांगा.