डोंगर नसलेल्या गावातून डोंगराची शर्यत

नमस्कार श्रोतेहो.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचीवर, पण तव्यासारखं सपाट. इथल्या कुणाला डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही 53 किलोमीटरची शर्यत पळायची असेल, तर लोक आधी विचारतात, चढ कुठून आणणार? चढाचं बघता येतं. अडतं ते घरात. आठवड्याला आठ ते दहा तास सराव, तोही चार-पाच महिने. नोकरी, मुलांची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, यातून हे तास काढायचे कुठून?

यावर एक गोष्ट आहे. जरा लांब आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

इंग्लंडातल्या ईडेल गावातून स्कॉटलंडच्या कर्क येथमपर्यंत पेनाइन वे नावाची डोंगरवाट जाते. 268 मैल, म्हणजे सुमारे 430 किलोमीटर. सोलापूर ते मुंबई सडकेनं जेवढं, त्याहून थोडं जास्तच. या वाटेवर ऐन जानेवारीत शर्यत होते. तिकडची जानेवारीची रात्र सोळा तासांची. चिखल, वारा, गारठा. मुदत सात दिवस.

2019 साली या शर्यतीत जास्मिन पॅरिस नावाची बाई उतरली. पेशानं जनावरांची डॉक्टर, शिवाय पीएचडीचा प्रबंध लिहिणं चालू. आणि घरात चौदा महिन्यांची मुलगी. अंगावर पिणारी, बरं का! आता लेकरू अंगावर पीत असताना आई तीन-चार दिवस लांब राहिली तर काय होतं, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. दूध साठतं, गाठी होतात, ताप चढतो. म्हणून ही बाई थांब्यावर पोचली की बाकीचे मोजे बदलत, सूप पीत, तेव्हा पंप काढून दूध काढत बसायची. मग कपडे, खाणं, जमलं तर डुलकी, आणि पुन्हा अंधारात. सगळी मिळून झोप झाली सुमारे तीन तास. शेवटी शेवटी तर तिला खडकांतून प्राणी निघताना दिसायला लागले.

आणि पोचली कधी? 83 तास 12 मिनिटांनी. बायकांमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांमध्ये पहिली. आधीचा विक्रम एका पुरुषाचा, 95 तासांचा. तो हिनं बारा तासांनी मोडला. पुन्हा सांगतो, बारा मिनिटांनी नाही, बारा तासांनी! शेवटच्या रेषेशी लेक वाट बघत होती.

तीच बाई 2024 मध्ये अमेरिकेत टेनेसीच्या जंगलातली बार्कली शर्यत पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. मुदत साठ तास, हिला लागले 59 तास 58 मिनिटं 21 सेकंद. 99 सेकंद उरले होते. आपल्याकडे लग्नाला तेवढ्या वेळात अक्षता टाकून होत नाहीत. हल्लीच्या लग्नांबद्दल तर बोलायलाच नको, मुहूर्त फक्त पत्रिकेवर राहिलाय. असो.

तर ही बाई सराव करायची पहाटे. तुमचेही तास पहाटेतूनच निघतील. पण झोप कापून नाही. रात्री साडेनऊला दिवा बंद, पहाटे साडेचारला उठायचं, सात तास झोप पक्की. कापायचा तो रात्रीचा मोबाइल. हातात महागडं घड्याळ नसलं तरी चालतं. ते घड्याळ आदल्या दिवशीची झोप मोजून आपल्यालाच रागावतं.

आता चढ. चार मजली इमारतीचा जिना घ्या. मजला तीन मीटरचा धरला तर गच्चीपर्यंत 12 मीटर. पंचवीस फेऱ्या म्हणजे 300 मीटर चढ. आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्यातच त्याचे तंतू फाटतात. तोरण्याच्या उतारावर पाय लटपटतात ते यामुळे. म्हणून उतराचाही सराव. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला.

तीन आठवड्यांतून एकदा तुळजापूरचा घाट. घरचे गाडीनं येतील, तुम्ही घाट पायी चढा, वर दर्शन एकत्र. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाला आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच.

शनिवारी तीन तास, रविवारी दमलेल्या पायांनी दोन तास. दोन्ही दिवस नऊच्या आत घरी. आणि आल्यावर सोफ्यावर आडवं पडायचं नाही! घरच्यांना पळण्याचा राग येत नाही, त्या सोफ्याचा येतो. दर चौथ्या आठवड्यात सराव एक तृतीयांशानं कमी करा. दिवाळीचा आठवडा त्यातच बसवा, भांडण वाचतं.

खाणं. लांब पळताना तासाला साठ ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटात जायला हवीत: दोन केळी आणि गुळाचा लहानसा खडा. पोटालाही याची सवय लावावी लागते, नाहीतर शर्यतीत उलटी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र चढावर नको. सोलापूरकर म्हणून हे सांगताना जिवावर येतं, पण शेंगदाण्याचं तेल पचायला वेळ लागतो. पाण्यासाठी पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्याहून जास्त पाणी ढोसू नका. नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं गरगरतं. मीठ-साखर-लिंबू जवळ ठेवा.

आणि कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे आहातच. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर पायांवर, तेही घरच्यांसोबत. याहून चांगला सराव शोधून सापडणार नाही. फक्त बूट वापरातलेच घाला. पायाची नखं आठवडाभर आधी कापा, बोटांमध्ये व्हॅसलीन चोपडा, आणि मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत टाका. तामलवाडीला थांबलात की चहाच्या आधी तो बदला.