हिचं गोंदण कुठं गेलं?

(दृश्य: वर्धा जिल्हा, आर्वी तालुका. कापूस वेचणीचे दिवस. ओसरीत टीव्ही लावलेला, समोर घरची चार-पाच माणसं.)

जुना कृष्णधवल मराठी चित्रपट चालू आहे. सासू चुलीपुढं बसलीय. फुंकणीनं जाळ करता करता ती मान वळवते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. बघणाऱ्यांत एक आजी आहेत. त्यांच्या कपाळावर, दोन्ही हातांवर गोंदण आहे. हा सिनेमा त्यांनी लग्नाआधी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. त्या मधेच म्हणतात, "काहून बाप्पा, हिचं गोंदन कुठी गेलं?"

आजींचं बरोबर आहे. याच सिनेमाची जुनी डीव्हीडी घरात होती, ती लावून पाहिली. चित्र मंद, त्यावर सतत खरखर, पण सासूच्या कपाळावर तीन ठिपके आणि हनुवटीवर एक, स्पष्ट दिसतात. एचडी म्हणून मिळालेल्या नव्या प्रतीत तेच कपाळ कोरं. लुगड्याचा जाडाभरडा पोतही गेलाय, जणू सासूबाई प्लॅस्टिक नेसल्यात.

(दृश्य: फिल्मचा तुकडा भिंगाखाली.)

ती खरखर म्हणजे ग्रेन. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला आणि फिल्म धुतली की त्यांची काळी चांदी होते. कृष्णधवल फिल्मवर दिसणारं सगळं, चेहरा, धूर, चुलीचा उजेड, या कणांचंच बनलेलं असतं. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन निघते आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म डाग राहतात. कमी उजेडात चालणारी जलद फिल्म घेतली की कण मोठे. सेकंदाला २४ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी वेगळी, म्हणून पडदा जिवंत असल्यासारखा थरथरतो. चित्रावर बसलेली धूळ झटकता येते. हे कण काढायला गेलात, तर चित्रालाच हात लागतो.

नव्या प्रतीत ही खरखर काढतात ती नॉइज रिडक्शनच्या, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या, सॉफ्टवेअरनं. ते दोन तऱ्हांनी काम करतं. एक तऱ्हा लागोपाठच्या फ्रेम ताडून पाहते. जे दर फ्रेमला बदलतं ते नको असलेलं, असं धरून सरासरी काढते. सासू स्थिर बसली असती, तर या पद्धतीत ठिपके वाचले असते. पण ती मान वळवते, आणि हलत्या चेहऱ्यावर सरासरी काढली की बारकावे फरफटतात. दुसरी तऱ्हा एकाच फ्रेममध्ये शेजारच्या बिंदूंशी तुलना करते आणि किरकोळ फरक सपाट करून टाकते. आता वयस्क बाईच्या कातडीवरचं फिकट हिरवं गोंदण कृष्णधवल चित्रात किती उमटणार? किरकोळ फरक म्हणूनच उमटणार. सुपात पाखडताना फोलाबरोबर दाणाही उडावा, तसं ते उडालं.

पुढं आणखी एक घोटाळा होतो. सपाट केलेलं चित्र मऊ दिसतं, म्हणून कडा धारदार करतात. मग केसांभोवती, पदराच्या काठाभोवती पांढरी रेघ उमटते. मूळ निगेटिव्हवर ती कधीच नव्हती.

असं का करतात? दुकानात ओळीनं लावलेल्या टीव्हींवर गुळगुळीत चित्र खपतं, हे एक. दुसरं कारण डेटाचं. दर फ्रेमला बदलणारा ग्रेन कॉम्प्रेशनला, म्हणजे फाइल आकसून लहान करण्याला, फार जड जातो, कारण पुढच्या फ्रेमचा अंदाजच बांधता येत नाही. आपल्या गावागावांत फिरलेल्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, त्यासाठी डेटा सेकंदाला जेमतेम सव्वा मेगाबिटच्या आत. त्यात ग्रेन मावणं शक्यच नव्हतं, नुसते चौकोन फुटायचे. ब्लू-रे या एचडी डिस्कवर मात्र सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा आहे. तरीही २०१० साली 'प्रिडेटर' या १९८७ च्या चित्रपटाची नवी ब्लू-रे इतकी घासून काढली गेली, की माणसं मेणाची दिसू लागली. त्यापेक्षा २००८ ची ग्रेनवाली ब्लू-रे बरी, असं रसिक आजही सांगतात.

हॉलिवूडच्या त्या चित्रपटाचं निगेटिव्ह जपलेलं असतं, चूक पुढं सुधारता येते. आपल्याकडं तशी खात्री नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झालं, तोवर कितीतरी मूकपट आणि सुरुवातीचे बोलपट नष्ट झाले होते. २००३ च्या आगीत तिथल्या नायट्रेट फिल्मही, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म, जळाल्या. काही सिनेमांची तर एखादी झिजलेली प्रिंट किंवा टेपच उरली आहे. त्यावरून केलेली एकमेव डिजिटल प्रत घासून ठेवली, तर पुढच्या माणसानं बारकावे आणायचे कुठून? म्हणून आमचा आग्रह एवढाच, की स्कॅन केलेली मूळ फाइल हात न लावता ठेवा आणि साफसफाई तिच्या नकलेवर करा.

(दृश्य: आर्वीतला एक फोटो-व्हिडिओ स्टुडिओ. टेबलावर व्हीसीआर, लग्नाच्या कॅसेटी.)

या दुकानात तालुक्यातल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून देतात. इथली खरखर वेगळी. रात्रीची वरात, उजेडाला एक हॅलोजन, कॅमेऱ्यानं सिग्नल ताणलेला. काळोखात लाल-निळे ठिपके नाचतात, ते टेप आणि इलेक्ट्रॉनिक्समुळं येतात. त्यात नवरीच्या चेहऱ्याचा अंशही नाही, ते काढावेतच. स्टुडिओवाले भाऊ रंगांचा नॉइज बऱ्यापैकी उतरवतात, उजेड-अंधाराचा अगदी थोडा. मुंडावळ्यांचे मणी सुटे दिसेनासे झाले, की स्लायडर मागं घेतात. हा हात सवयीनं तयार झालेला आहे आणि तो मोलाचा आहे.

इंटरनेटवरून पाहणाऱ्यांसाठी २०१८ च्या एव्ही१ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आकसून पाठवण्याच्या पद्धतीत, एक सोय आहे. पाठवण्याआधी ग्रेन काढतात, त्याचा आकार-प्रमाण मोजून ती माहिती सोबत देतात आणि तुमच्या पडद्यावर तसाच ग्रेन नव्यानं तयार होतो. दिसायला चांगलं, डेटाही वाचतो. पण काढताना गेलेलं गोंदण त्यातही परत येत नाही.

आणि कधी कधी प्रत चांगली असते, घासतो तो टीव्ही. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस बराच खाली आणा. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, त्यात या गोष्टी आपोआप बंद होतात. मग एखादा हलता चेहरा निवडा आणि आधी-नंतर दोन्ही पाहा.