काहिलीखालचा जाळ

दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा हा निपाणी-चिकोडीचा पट्टा. दिवाळी सरली की इथली गुऱ्हाळं पेटतात.

हजार किलो उसाचा रस काहिलीत, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या उथळ कढईत घेतला, तर त्यात साखर आणि इतर घनपदार्थ जेमतेम 180 किलो. बाकी पाणी. ढेप हाती लागायची तर त्यातलं 800 किलोहून जास्त पाणी वाफ होऊन जायला हवं, आणि खर्च सगळा तिथंच आहे. एक किलो गार पाणी उकळीला आणायला सुमारे 310 किलोज्यूल उष्णता पुरते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला 2,257 लागते. सात पट!

म्हणून ओली चिपाडं जाळू नयेत. चरकातून पडताना त्यांत जवळपास निम्मं पाणी असतं. जाळ आधी ते पाणी आटवत बसतो, ज्वाळा मंदावते, धूर काळा होतो आणि काजळी काहिलीच्या बुडाला धरते.

उष्णता अडते कुठं? पत्र्यात नाही. लोखंडातून ती झटकन पार होते, उकळता रसही ती लगेच ओढून घेतो. अडते ती बुडाखाली, धूर आणि पत्रा यांच्यामध्ये. तेव्हा पातळ पत्र्याची काहील करून फारसं काही साधत नाही. काजळी खरवडावी. बुडाला लोखंडी पट्ट्या जोडल्या तर धुराला भिडणारी जागा वाढते. चुलवाणाचं तोंड गरजेपुरतंच उघडं असावं. जास्तीची गार हवा आत शिरली, की तीच तापून चिमणीवाटे निघून जाते. चिमणीकडं जाणाऱ्या धुरावर दुसरी काहील बसवली, तर पुढचा रस वेगळ्या जळणाशिवाय तापतो.



भेंडीचा चिकट रस घातला की मळी, म्हणजे उसाच्या रसातली घाण, त्यात अडकून वर येते. ती उकळी फुटायच्या आत काढायची. रस खळखळू लागला की ती पुन्हा मिसळते. चुन्याची निवळी बेतानंच घालावी. रस आंबट राहिला तर तापताना साखर फुटते, गूळ नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. निवळी जास्त झाली तर रंग काळवंडतो.

मळी निघाली की जाळ भरपूर. शेवटी मात्र हाच जाळ घात करतो. पाक दाटला की आपणहून फिरत नाही, बुडाचा थर जागीच तापून करपतो. त्यामुळं ढवळणं थांबवायचं नाही आणि जाळ आधीच कमी करायचा, कारण चुलवाणाच्या तापलेल्या भिंती नंतरही उष्णता देत राहतात.

काकवीला 105-106 अंश, ढेपेच्या गुळाला 118च्या आसपास, हे आकडे समुद्रसपाटीचे. सुमारे 600 मीटर उंचीच्या या भागात पाणी 98 अंशांनाच उकळतं. तापमापी वापरणाऱ्यानं दोन अंश कमी धरावेत. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी वळतो. कडक वळली की काहील लगेच उतरवतात. वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौद्यात, तो पातळ पसरतो, हलवत राहिलं की भरभर निवतो, आणि घट्ट होऊ लागताच साच्यात भरतात.